मैदानात हरवलेली अंगठी आणि शोधाआधीचे प्रश्न

शाळेच्या मैदानात हरवलेला दागिना शोधून द्याल का, असा निरोप आला की मी मेटल डिटेक्टरला हात लावण्याआधी वही उघडते. बऱ्याच लोकांना याचे आश्चर्य वाटते, कारण यंत्र घेऊन मैदानावर चालत सुटायचे आणि आवाज आला की उकरायचे, एवढेच हे काम असावे अशी त्यांची समजूत असते. १०० मीटर लांब आणि ६० मीटर रुंद मैदान म्हणजे ६,००० चौरस मीटर जागा. कॉइल, म्हणजे यंत्राच्या दांडीच्या टोकाची तारेच्या वेढ्यांची चकती, जमिनीलगत ठेवून, प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर निम्मी चढवत, सावकाश चालले तर तासाला १०० ते १५० चौरस मीटरच नीट तपासून होतात, निदान माझ्या हातून तरी तेवढेच होतात. या हिशेबाने एका मैदानाला चाळीस ते साठ तास लागतील, आणि त्यात प्रत्येक आवाजावर थांबून उकरण्याचा वेळ धरलेलाच नाही. म्हणून शोधायची जागा आधी आठवणीच्या आधारे लहान करावी लागते, आणि या कामातील खरे कौशल्य तेच आहे असे माझे ठाम मत झाले आहे.

पहिला प्रश्न मी कधीही ‘कुठे हरवला’ असा विचारत नाही. ज्याचा दागिना हरवला आहे त्याने एव्हाना या प्रश्नाचे उत्तर मनात पक्के करून टाकलेले असते आणि ते उत्तर बहुतेक वेळा अंदाजच असतो. दागिना अंगावर होता हे शेवटचे खात्रीने कधी जाणवले आणि तो नाही हे पहिल्यांदा कधी लक्षात आले, हे दोन क्षण मी आधी विचारते. या दोन क्षणांच्या मधली प्रत्येक जागा वहीत लिहायची, प्रत्येक जागी हाताने काय केले ते लिहायचे. हात ओले होते का, थंडी होती का, हातमोजे घातले-काढले का, चेंडू कोणत्या हाताने फेकला, खिशातून रुमाल काढला का, याची उत्तरे फार मोलाची असतात, कारण थंडीत बोटे बारीक होतात आणि ओल्या बोटावरून अंगठी सहज सरकते. खेळाआधी मुले अंगठ्या, कानातली काढून खिशात ठेवतात आणि नंतर त्याच खिशात हात घालतात, तेव्हा दागिना मैदानाच्या मध्यभागी नसतोच. तो जिथे दप्तरे ठेवली होती तिथे, बाकाखाली किंवा पाण्याच्या नळाजवळ पडलेला असतो.

त्यानंतर त्याच दागिन्याचा जोड किंवा तशाच घडणीची वस्तू मिळते का, हे मी विचारते. सारख्या कॅरेटची, सारख्या जाडीची अंगठी गवतावर ठेवून तिच्यावरून कॉइल फिरवली की यंत्राच्या पडद्यावर कोणता आकडा उमटतो आणि कानात कसा आवाज येतो, ते कळते. त्या आकड्याची नोंद घेऊन शोध सुरू करणे आणि नुसत्या ‘सोने’ या शब्दावर शोध सुरू करणे यांत फार अंतर आहे.

हे अंतर का पडते, ते समजण्यासाठी यंत्र नेमके काय करते ते पाहावे लागते. कॉइलमधून बदलता विद्युतप्रवाह वाहतो, त्यामुळे भोवती बदलते चुंबकीय क्षेत्र तयार होते, आणि ते क्षेत्र जमिनीतल्या धातूपर्यंत पोहोचले की त्या धातूत गोल गोल फिरणारे बारीक प्रवाह सुरू होतात. त्या प्रवाहांचे स्वतःचे क्षीण क्षेत्र कॉइलचा दुसरा वेढा टिपतो आणि ते किती उशिराने उमटले यावरून यंत्र आकडा ठरवते. म्हणजे यंत्राला सोने ओळखता येत नाही. समोरच्या वस्तूतून वीज किती सहज वाहते एवढेच त्याला कळते, आणि ते धातूइतकेच वस्तूच्या जाडीवर आणि आकारावर अवलंबून असते. चांदी तांब्यापेक्षाही थोडी अधिक सुवाहक आहे, तर शुद्ध सोन्याची वाहकता तांब्याच्या सुमारे ७० टक्के भरते. पण दागिन्यांचे सोने शुद्ध नसते. १८ कॅरेटच्या अंगठीत सोने ७५ टक्के असते, उरलेले दुसरे धातू असतात, आणि धातूंचे मिश्रण झाले की वाहकता बरीच घसरते. ॲल्युमिनियम मुळात चांगला वाहक असला तरी त्याचा कागदासारखा पातळ पत्रा विजेला मोठा अडथळा करतो. त्यामुळे लहानशी सोन्याची अंगठी आणि खाऊच्या वेष्टनाचा चुरगळलेला चंदेरी कागद यंत्राच्या पडद्यावर शेजारी शेजारी येऊन बसतात.

शाळेच्या मैदानात तर या शेजाऱ्यांची फारच गर्दी असते. सर्वांत जास्त फसवते ती पेन्सिलीच्या टोकाला खोडरबर धरून ठेवणारी पत्र्याची कडी. लाकूड कुजते, रबर झिजते, आणि ती पातळ, गोल, दोन्ही बाजूंनी उघडी कडी वर्षानुवर्षे मातीत शाबूत राहते. ती हातात घेऊन पाहिली तर कडेला बारीक दातेरी रेघा दिसतात आणि आत लाकडाचा काळा भुगा घट्ट बसलेला असतो. तिचा आकार वेढ्यासारखा असल्याने तिच्यात प्रवाह अगदी अंगठीसारखाच फिरतो आणि आवाजही तसाच गोल, स्वच्छ येतो. त्याखेरीज झिपचे तुकडे, शीतपेयाच्या डब्यांची झाकणे उघडायच्या कड्या, बुटांच्या नाडीच्या भोकांच्या कड्या असतात. टाचण्या, केसांच्या पिना, मोडक्या कर्कटकांची टोके या लोखंडी वस्तूंचा आवाज वेगळा, खरखरीत येतो, म्हणून त्यांचा त्रास कमी वाटतो. पण तो वेगळ्या प्रकारे होतो, आणि तो कसा ते पुढे सांगते.

सुरुवातीच्या काळात मी या कचऱ्याला कंटाळून यंत्रातील गाळणीची सोय वापरली होती, म्हणजे पातळ ॲल्युमिनियमच्या आकड्यांवर आवाजच येणार नाही अशी व्यवस्था केली होती. एका विद्यार्थिनीचे कानातले त्या दिवशी सापडले नाही. आठवडाभराने गाळणी काढून त्याच पट्ट्यातून पुन्हा गेले, तेव्हा ते गवताच्या मुळाशी, जेमतेम दोन सेंटिमीटर खोलीवर मिळाले. मी त्याच्यावरून आधी दोनदा तरी गेले असणार. तेव्हापासून लहान सोन्याच्या शोधात मी फक्त लोखंड बाजूला ठेवते, बाकी प्रत्येक आवाज ऐकते. सोने हवे असेल तर चंदेरी कागद उकरावाच लागतो.

प्रत्येक दागिना यंत्राला सारखाच दिसत नाही, हेही हरवणाऱ्याला आधीच सांगणे मला प्रामाणिकपणाचे वाटते. अखंड अंगठी ही शोधायला सर्वांत सोपी, कारण तिच्या वेढ्यातून प्रवाह विनाअडथळा फिरतो. तीच अंगठी एका जागी तुटलेली असेल तर वेढा खंडित होतो आणि आवाज एकदम दुबळा पडतो. नाजूक साखळी सर्वांत अवघड. तिचे वजन अंगठीपेक्षा जास्त असले तरी यंत्राला ती एक वस्तू म्हणून दिसत नाही, कारण प्रत्येक दुवा वेगळा, बारीक, आणि दोन दुव्यांमधला स्पर्श अगदी निसटता असतो. बऱ्याचदा साखळीऐवजी तिचा फासा किंवा पदक तेवढे ऐकू येते. मोती आणि खडे यंत्राला मुळीच कळत नाहीत, त्यांना धरून ठेवणारे कोंदण तेवढे कळते. कानातल्यांसारख्या लहान सोन्यासाठी १५ किलोहर्ट्झच्या वरची वारंवारता, म्हणजे कॉइलमधला प्रवाह सेकंदाला पंधरा हजारांहून जास्त वेळा बदलणे, उपयोगी पडते, तर ५ ते ७ किलोहर्ट्झच्या यंत्राला चांदीची मोठी वस्तू खोलवर ऐकू येते पण बारीक सोने निसटते. साखळी किंवा कानातले असेल तर मी यंत्राआधी विजेरी वापरते. संध्याकाळ झाल्यावर विजेरी जमिनीला जवळजवळ टेकवून धरली आणि उजेड आडवा सोडला, तर गवताच्या पात्यांमध्ये अडकलेला धातू लांबून चमकतो. नुकत्याच हरवलेल्या वस्तूच्या बाबतीत हा अर्धा तास कधीही वाया जात नाही.

आता त्या अंगठीची हकिकत सांगते, कारण प्रश्नांचे महत्त्व मला तिने शिकवले. एका शाळेच्या क्रीडाशिक्षिकेची अंगठी सरावाच्या दिवशी हरवली होती. १८ कॅरेटची, साधी, नक्षी नसलेली, आणि त्यांच्या आईची. मुलांना ओळीने उभे करून दोन संध्याकाळी मैदान पालथे घालून झाले होते. मी गेले तेव्हा त्यांनी मला थेट चेंडूफेकीच्या रेषेपाशी नेले. उजव्या हाताने चेंडू कसा फेकायचा ते त्यांनी मुलांना वीस-पंचवीस वेळा करून दाखवले होते, अंगठी त्याच हातात होती, तेव्हा ती तिथेच उडाली असणार, याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. मलाही ते पटले. अंगठी फेकीबरोबर सुटली तर ती चेंडूच्या दिशेने पण खूप अलीकडे पडते, म्हणून रेषेपासून पंख्यासारखी पसरणारी जागा दोऱ्यांनी आखून घेतली, त्यांच्या बहिणीच्या तशाच अंगठीवर यंत्र लावून ५२ ते ५४ हा आकडा लिहून घेतला आणि कामाला लागले. अडीच तासांत पेन्सिलीच्या अकरा कड्या, चंदेरी कागदाच्या मूठभर गोळ्या आणि एक छोटी किल्ली मिळाली. आखलेली सगळी जागा मी उभ्या आणि आडव्या अशा दोन्ही दिशांनी तपासली होती. अंगठी तिथे नव्हती, हे मी खात्रीने सांगू शकत होते.

मेटल डिटेक्टरच्या इतिहासातील एक प्रसंग अशा वेळी मला नेहमी आठवतो. जुलै १८८१ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफील्ड यांच्यावर गोळी झाडली गेली आणि शरीरात रुतलेली गोळी सापडेना, तेव्हा टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी धातू ओळखणारे एक उपकरण तयार करून त्यांच्या अंगावरून फिरवले. उपकरण चालत होते, आधीच्या चाचण्यांत त्याने गोळ्या शोधून दाखवल्या होत्या. पण रुग्णाच्या गादीखाली पोलादी स्प्रिंगा होत्या, त्यांनी आवाजाचा घोळ केला, आणि गोळी शरीराच्या उजव्या बाजूलाच आहे असा मुख्य डॉक्टरांचा आग्रह असल्याने बेल यांना तेवढीच बाजू तपासू दिली गेली. सप्टेंबरमध्ये गारफील्ड यांचा मृत्यू झाला आणि शवविच्छेदनात गोळी डाव्या बाजूला सापडली. चांगले यंत्र चुकीच्या जागी फिरवले गेले आणि जवळच्या दुसऱ्या धातूने त्याचा कान बधिर केला, या दोन्ही गोष्टी आजही प्रत्येक मैदानावर घडतात. त्या दिवशी माझ्या हातून पहिली घडली होती.

मी पुन्हा वही उघडली आणि या वेळी नीट विचारले. सकाळी प्रार्थनेच्या वेळी बोटातली अंगठी फिरवत उभे राहिल्याचे त्यांना आठवत होते. अंगठी नाही हे दुपारी हात धुताना लक्षात आले. मधल्या वेळात चेंडूफेक झाली, साहित्याच्या खोलीत जाणे झाले, आणि लांब उडीही झाली. लांब उडीच्या वेळी त्या नुसत्या बाजूला उभ्या होत्या, असे त्यांनी आधी सांगितले. मग जरा थांबून म्हणाल्या, “एक मुलगी वाळूत वाकडी पडली होती. तिला मीच उठवलं. वाळूत हात टेकून.” खड्ड्याच्या कोणत्या बाजूला, हे विचारल्यावर त्या स्वतः चालत जाऊन डाव्या कडेपाशी गुडघ्यावर बसल्या आणि हात टेकला.

वाळू दिसायला सोपी आणि शोधायला कठीण असते. गवत दागिन्याला वरच धरून ठेवते. ओल्या मऊ मातीत तो पायाखाली दोन-चार सेंटिमीटर दाबला जातो. जुन्या गवताळ जमिनीत गांडुळे खालची माती वर आणून टाकत राहतात आणि वस्तू सावकाश खाली जाते, ज्याबद्दलचे डार्विनचे पुस्तक प्रसिद्ध झाले ते वर्षही १८८१च होते. पण लांब उडीचा खड्डा प्रत्येक सरावाआधी फावड्याने भुसभुशीत केला जातो आणि दर उडीनंतर दाताळ्याने सपाट केला जातो, त्यामुळे वरची वस्तू एका दिवसात तळाशी जाऊ शकते. अंगठी हरवल्यापासून हा खड्डा दोनदा खणला गेला होता. शिवाय कडेच्या फळ्या लांब लोखंडी खिळ्यांनी ठोकलेल्या होत्या. लोखंडाचा त्रास असा होतो. कॉइलखाली खिळा आणि अंगठी एकाच वेळी आली की खिळ्याचा आवाज अंगठीचा आवाज झाकून टाकतो, आणि मोठी कॉइल असेल तर त्या दोघांना ती वेगळे करूच शकत नाही.

म्हणून मी २८ सेंटिमीटरची कॉइल काढून १५ सेंटिमीटरची लावली, संवेदनशीलता थोडी उतरवली आणि फळीला समांतर, बोटभर अंतर ठेवून सरकत गेले. खिळा आला की खरखर, मग शांतता, पुन्हा खरखर. चौथ्या आणि पाचव्या खिळ्याच्या मध्ये एक क्षीण आवाज आला, तो खरखरीत नव्हता. कॉइल उलट दिशेने आणली तरी तो तसाच आला. लोखंडाचा आवाज दिशा बदलली की बहुधा फुटतो किंवा सरकतो, हा सरकला नाही. आकडा मात्र ४४ आणि ५३ यांच्यात डळमळत होता. वरची वाळू मी हाताने दूर केली आणि जसजशी खोली कमी झाली तसतसा आकडा ५३ वर स्थिरावला. मग पिनपॉइंटर घेतला, म्हणजे टोकाशी धातू आला की थरथरणारी ती वीतभर दांडी. एका वितीच्या खोलीवर तिची थरथर थांबेना. ओंजळभर ओली वाळू उचलून मी चाळणीत टाकली, हलवली, आणि वाळू खाली गळत गेली तसा आधी पिवळा काठ दिसला, मग आतल्या बाजूला चिकटलेला वाळूचा कडक थर दिसला. सोन्याला गंज चढत नाही, हे सगळ्यांना माहीत असते. पण इतक्या मळकट, ओल्या वाळूतून ते असे लखलखीत वर येताना पाहिले की दर वेळी मी क्षणभर काहीच बोलू शकत नाही. त्यांनी अंगठी घेतली, आतली वाळू अंगठ्याच्या नखाने काढली, आणि खूप वेळ ती नुसती तळहातावर धरून बसल्या.

शाळेच्या जागेवर हे काम करताना काही गोष्टींत मी तडजोड करत नाही. मुख्याध्यापकांची परवानगी लेखी हवी, कारण तोंडी परवानगी पहारेकऱ्यापर्यंत पोहोचतेच असे नाही, आणि शाळेच्या आवारात अनोळखी व्यक्ती यंत्र घेऊन फिरताना दिसली तर कोणीही अस्वस्थ व्हावे, हे योग्यच आहे. मुले आवारात असताना मी शोध घेत नाही आणि शाळेचे कोणीतरी माणूस सोबत असावे असा आग्रह धरते. जमिनीखालून विजेच्या तारा किंवा पाण्याचे नळ कुठून जातात, हे मैदानाची देखभाल करणाऱ्याला विचारल्याशिवाय खुरपे लावत नाही. त्याच माणसाला, शोध पूर्ण होईपर्यंत गवत कापू नका, अशी विनंतीही पहिल्याच दिवशी करावी लागते, कारण गवत कापणाऱ्या यंत्राच्या पात्यात अंगठी सापडली तर ती चेपते, कापली जाते किंवा भलतीकडे फेकली जाते आणि मग सगळ्या आठवणी निरुपयोगी ठरतात.

उकरण्याबद्दल तर मला विशेष तळमळीने लिहावेसे वाटते. मैदानात राहिलेला तळहाताएवढा खड्डा म्हणजे दुसऱ्या दिवशी धावत येणाऱ्या मुलाचा मुरगळलेला घोटा. गवताळ जागी मी घोड्याच्या नालासारखी तीन बाजूंनी चीर घेते, चौथी बाजू मुळांसकट जोडलेली ठेवते, आणि तो गवताचा तुकडा झाकणासारखा उलटते. निघालेली माती कापडावर ठेवायची म्हणजे ती परत पूर्ण आत जाते. वस्तू काढल्यावर भोकातून पिनपॉइंटर पुन्हा एकदा फिरवायचा, माती भरायची, झाकण मिटायचे आणि पायाने घट्ट दाबायचे. उन्हाळ्यात कोरड्या पडलेल्या हिरवळीवर ही चीरसुद्धा घेऊ नये, कारण तुटलेली मुळे पुन्हा धरत नाहीत. तिथे वस्तू वरच्या थरात असेल तर बोथट सळईने हलकेच वर उचकटावी, नाहीतर पाऊस पडेपर्यंत थांबावे. सामन्यांच्या खेळपट्टीला मी कोणत्याही कारणाने हात लावत नाही.

सापडलेली प्रत्येक मौल्यवान वस्तू, ती मी शोधत असलेली असो वा नसो, शाळेच्या कार्यालयात नोंद करून द्यायची, हे मी परवानगीच्या पत्रातच लिहून घेते. हरवलेल्या वस्तूची मालकी ती हरवल्यामुळे संपत नाही. चेंडूफेकीच्या जागी मिळालेली ती छोटी किल्लीसुद्धा कार्यालयात दिली होती, आणि ती साहित्याच्या खोलीतल्या एका जुन्या कपाटाची निघाली.

एक शोध मात्र अजून अपुरा आहे. एका मुलाची नाजूक साखळी शिडीच्या आडव्या दांड्यांना लोंबकळताना तुटून खाली पडली. पडताना दोन मुलांनी पाहिली, त्यामुळे जागेबद्दल शंका नाही. पण तिथे जमिनीवर जुन्या टायरांच्या रबराचे तुकडे पसरलेले आहेत, त्यांत टायरमधल्या पोलादी तारांचे बारीक अंश राहिलेले आहेत, आणि वर लोखंडी खांब उभे आहेत. कॉइल खाली नेली की अखंड खरखर सुरू होते, आणि त्या गोंगाटात साखळीचा आवाज ऐकू येईल अशी आशा धरण्यात अर्थ नाही. तेव्हा यंत्र बाजूला ठेवून दोन बाय तीन मीटरचा तो चौकोन चाळणीने चाळायचे ठरवले आहे. रबराचे तुकडे मोठे असल्याने ते वर राहतील आणि साखळी धुळीबरोबर खालच्या बारीक चाळणीत उतरेल, असा माझा अंदाज आहे. मुख्याध्यापकांनी सुट्टीतले दोन दिवस दिले आहेत, आणि ती साखळी पडताना पाहिलेली दोन्ही मुले पालकांसह जागा दाखवायला येणार आहेत.